कमी का बनल्या? मधल्या इंजिनाच्या इटालियन गाड्यांचा आढावा

फेब्रुवारी २०२५मध्ये पॅरिसच्या एका लिलावात फेरारी २५० एलएम ही मोटार ३ कोटी ४८ लाख ८० हजार युरोंना गेली. १९६५ साली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली ती हीच गाडी. एवढ्या किमतीमागे त्या विजयाइतकाच आणखी एका आकड्याचा हात आहे. अशा गाड्या बनल्या अवघ्या ३२. आज हा आकडा मालक अभिमानाने सांगतात. १९६४ साली मात्र तोच आकडा फेरारीच्या कारखान्याला नडला होता. ज्या गटात ही गाडी शर्यतीला उतरवायची होती, त्यासाठी वर्षभरात किमान १०० गाड्या बनवण्याची अट होती. तेवढ्या बनल्या नाहीत आणि प्रवेश नाकारला गेला.

साठ आणि सत्तरच्या दशकांत इटलीत चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेल्या ज्या मोटारी बनल्या, त्यांच्याकडे आज आपण दुर्मीळ रत्नं म्हणून बघतो. मोजक्याच बनवल्या म्हणजे जपून, निवडून, खास लोकांसाठी बनवल्या, असा एक समज त्यामागे असतो. एकेका गाडीचा हिशेब काढून बसलं की चित्र वेगळं दिसतं. कुणाला नियम आडवा आला, कुणाला भांडण, कुणाला किंमत, तर कुणाला स्वतःच्याच चासीतला दोष. कमी बनवायचं म्हणून कमी बनवलेली गाडी या यादीत शोधूनही सापडत नाही. तेव्हा या गाड्यांचा आढावा घ्यायचा, तर ‘किती सुंदर’ यापेक्षा ‘कमी का’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

मधे म्हणजे कुठे?

मोटारीचं इंजिन तीन ठिकाणी बसू शकतं. पुढे बॉनेटखाली, अगदी मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे, जसं पोर्शे ९११मध्ये असतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे, चालकाच्या पाठीला लागून. या तिसऱ्या मांडणीला मिड-इंजिन म्हणतात. तिचा फायदा वळणावर कळतो. कावड खांद्यावर घेऊन गर्रकन वळायला गेलं तर टोकांची ओझी वळू देत नाहीत, आणि एकदा वळली की थांबू देत नाहीत. तेच ओझं छातीशी धरलं तर माणूस जागच्या जागी फिरतो. मोटारीतली सगळ्यात जड वस्तू म्हणजे इंजिन. ते मधे आलं की गाडी स्टिअरिंगचं लगेच ऐकते. मागच्या चाकांवर वजन पडल्यामुळे जोर देताना ती जागच्या जागी फिरत नाहीत. पुढचं बॉनेट खाली उतरवता येतं, त्यामुळे हवेचा अडथळाही कमी होतो.

तोटेही याच मांडणीतून येतात. उष्णता आणि आवाज थेट मानेमागे. सामानाला जागा नाही, मागचं धड दिसत नाही, तिसरा माणूस बसत नाही. आणि पकड सुटली की ती अशी झटक्यात सुटते की सराईत चालकालाही सावरायला वेळ मिळत नाही.

शर्यतीच्या मैदानात हा वाद १९६०पर्यंत मिटला होता. जर्मनीच्या ऑटो युनियनने तीसच्या दशकातच इंजिन मागे नेलं होतं. पुढे इंग्लंडमधल्या कूपर या छोट्या कारखान्याच्या गाडीत स्टर्लिंग मॉस यांनी १९५८ची अर्जेंटिना ग्राँप्री जिंकली, आणि जॅक ब्रॅबहॅम १९५९ व १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं जगज्जेते झाले. गाडी बैलांनी ओढायची असते, ढकलायची नसते, अशा अर्थाचं एन्झो फेरारी यांचं एक वाक्य त्या काळापासून सांगितलं जातं. पण हरणं त्यांना त्याहून नामंजूर होतं. १९६१मध्ये त्यांनीही इंजिन चालकामागे नेलं आणि फिल हिल यांनी त्या गाडीत जगज्जेतेपद मिळवलं. शर्यतीपुरतं एन्झोंचं मन वळलं होतं. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या धनिक ग्राहकाच्या हाती असली गाडी द्यायची की नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. फ्रान्समध्ये रने बोने यांनी १९६२ साली जेट ही मिड-इंजिन गाडी विकायला काढली. इटलीत रस्त्यावर अशी पहिली गाडी आणण्याचा मान कुणाचा, हे सांगायचं तर फेरारीतल्याच एका बंडापाशी जावं लागतं.

बंडातून निघालेली पहिली गाडी

१९६१च्या अखेरीस फेरारीतले बिनीचे लोक एकाच वेळी बाहेर पडले. मुख्य अभियंता कार्लो किती, प्रसिद्ध २५० जीटीओची जडणघडण करणारे ज्योत्तो बिझ्झारिनी, शर्यत विभागाचे व्यवस्थापक रोमोलो ताव्होनी अशी ती तालेवार मंडळी होती. एन्झोंच्या पत्नी लॉरा यांची कारखान्यातली ढवळाढवळ हे या भांडणाचं मूळ मानलं जातं. बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी बोलोन्याजवळ एटीएस नावाचा कारखाना काढला. श्रीमंत पाठीराखे होते, अनुभव होता आणि जुन्या मालकाला दाखवून देण्याची खुमखुमी तर होतीच.

मार्च १९६३च्या जिनिव्हा प्रदर्शनात त्यांनी एटीएस २५०० जीटी मांडली. अडीच लिटरचं व्ही-८ इंजिन चालकाच्या मागे आणि फ्रांको स्काल्योने यांनी रेखलेली बॉडी. इटलीतली रस्त्यावरची पहिली मिड-इंजिन स्पोर्ट्स मोटार म्हणून बहुतेक अभ्यासक हिच्याकडे बोट दाखवतात. पण एकाच वेळी फॉर्म्युला वनचा संघ उभा करायचा, रस्त्यावरची गाडी बनवायची आणि इंजिनही स्वतःचंच घडवायचं, हा घास तोंडापेक्षा मोठा होता. मैदानावर फिल हिल यांच्यासारखा जगज्जेता असूनही गाड्या वारंवार बंद पडल्या. पाठीराख्यांचं आपसात बिनसलं, पैसा आटला आणि डझनभर गाड्यांच्या आसपास सगळा खेळ आटोपला. २५०० जीटी दुर्मीळ आहे ती एवढ्यासाठी, की दुसरं डझन बनवायला कारखानाच उरला नाही.

कारखाना बुडाला, माणसं मात्र कामाला लागली. किती यांनी ऑटोडेल्टा ही संस्था उभी केली आणि तिच्यातून अल्फा रोमिओच्या शर्यतीच्या गाड्या घडवल्या. बिझ्झारिनी यांनी लँबोर्गिनीसाठी व्ही-१२ इंजिन आखून दिलं. मोदेना आणि बोलोन्या या दोन शहरांच्या पंचक्रोशीत हीच पंधरा-वीस माणसं या दारातून त्या दारात जात राहिली. या गाड्यांवरची नावं वेगवेगळी असली तरी त्यांचं कूळ बरंचसं एकच आहे.

नियमाला दिलेली हूल

आता २५० एलएमकडे परत येऊ. १९६३मध्ये पॅरिसला ती प्रथम दिसली. ल माँ जिंकणारी पहिली मिड-इंजिन गाडी म्हणजे त्याच वर्षीची फेरारी २५० पी. तिला छप्पर घालून ग्राहकांना विकायचं आणि जीटी गटात शर्यतीला उतरवायचं, असा एन्झोंचा बेत होता. शंभर गाड्यांच्या अटीचं काय, तर ही नवी गाडी नसून आधीच्या २५० मालिकेचीच पुढची आवृत्ती आहे, असा युक्तिवाद. हाच युक्तिवाद २५० जीटीओच्या वेळी चालून गेला होता, आणि ती गाडीही चाळिशीपर्यंत पोचली नव्हती. पण जीटीओचं इंजिन निदान पुढे तरी होतं. इंजिन चालकाच्या पुढून उचलून मागे नेलं आणि तरी गाडी तीच, हे कुणाला पटणार? एन्झोंनी मात्र शेवटपर्यंत हेका सोडला नाही. पहिली गाडी वगळता बाकीच्यांना ३.३ लिटरचं इंजिन होतं. फेरारीच्या रिवाजानुसार नाव २७५ एलएम व्हायला हवं होतं. जुन्या मालिकेशी नातं दाखवायचं म्हणून आकडा २५०च ठेवला.

प्रवेश नाकारला गेल्यावर एन्झोंनी इटलीच्या मोटार संघटनेशी उभा दावा मांडला. १९६४च्या शेवटच्या दोन ग्राँप्री शर्यतींत फेरारीच्या गाड्या लाल रंग टाकून अमेरिकेतल्या एनएआरटी संघाच्या निळ्या-पांढऱ्या रंगात उतरल्या, आणि जॉन सर्टीस यांनी जगज्जेतेपद मिळवलं ते त्याच रंगात. इकडे एलएमला तिच्याहून ताकदवान गाड्यांच्या गटात झुंजावं लागलं. म्हणूनच १९६५चा ल माँचा निकाल इतका नवलाचा. फोर्डच्या आणि खुद्द फेरारीच्या कारखान्याच्या नव्या गाड्या एकामागून एक गळाल्या, आणि एनएआरटीच्या वतीने आलेली एलएम मास्टन ग्रेगरी आणि योखेन रिंट यांच्या हाती पहिली आली. त्यानंतर ल माँची सर्वसाधारण विजेती होण्यासाठी फेरारीला २०२३ उजाडावं लागलं.

अर्जेंटिनाहून आलेला गृहस्थ

अलेहान्द्रो डे टोमासो हे मूळचे अर्जेंटिनाचे. राजकीय कारणाने १९५५मध्ये देश सोडून मोदेनाला आले आणि १९५९मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. त्यांची रीत एटीएसच्या नेमकी उलट होती: इंजिन स्वतः घडवण्याच्या भानगडीत पडायचं नाही, फोर्डकडून आणायचं. वाल्लेलुंगा या त्यांच्या पहिल्या रस्त्यावरच्या गाडीत फोर्ड कॉर्टिनाचं दीड लिटरचं इंजिन मधे बसवलेलं होतं. साठीही गाठण्याआधी ती थांबली.

खरा बोलबाला झाला मंगुस्ताचा. १९६६च्या तुरीन प्रदर्शनात ती आली. चित्र जॉर्जेत्तो जुजारो यांचं. ते नुकतेच बेर्तोने या स्टुडिओची नोकरी सोडून गिया या दुसऱ्या स्टुडिओत गेले होते. मंगुस्ता म्हणजे मुंगूस. अमेरिकेतल्या कॅरोल शेल्बी यांच्याबरोबरचा शर्यतीच्या गाडीचा एक संयुक्त प्रकल्प फिसकटला होता आणि शेल्बींच्या गाडीचं नाव होतं कोब्रा. टोमणा कुणाला होता, हे सांगायला नको. गाडीची उंची जेमतेम १ मीटर १० सेंटिमीटर. मागचा भाग तर बघण्यासारखा. मधोमध कण्यासारखी एक पट्टी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काचेची दोन झाकणं. ती पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडतात आणि खाली फोर्डचं व्ही-८ आणि त्याच्या मागे जर्मन झेडएफ गिअरबॉक्स उघडा पडतो.

त्या झाकणांखालीच दोष होता. चासी शर्यतीच्या गाडीवरून घेतलेली, मधल्या एका पोलादी कण्यावर बेतलेली, आणि रस्त्यावरच्या गाडीला हवी तेवढी ताठ नव्हती. वजनाची वाटणी पुढे ३२ टक्के, मागे ६८. मिड-इंजिनचा सगळा डौल वजन मधे राहण्यावर असतो. इथे ते मधे थांबलंच नाही. पुढची चाकं हलकी, मागचा भाग जड, आणि ओल्या रस्त्यावर चालकाच्या अंगावर काटा. चार वर्षांत ४०१ गाड्या बनल्या आणि टोमासोंनी तिचा नाद सोडला. पुढची पँतेरा त्यांनी जानपाओलो दाल्लारा यांच्याकडून नव्याने आखून घेतली, बॉडी आणि चासी एकजीव केली आणि अमेरिकेत फोर्डच्या विक्रेत्यांकडून विकली. ती सात हजारांच्या वर गेली. मंगुस्ता कमी आणि पँतेरा जास्त, याचं कारण रूपात शोधू नये. रूपात मंगुस्ताच सरस आहे. फरक पडला तो चासीमुळे.

मिउरा: प्रसिद्धीसाठी काढली, विकली गेली

या सगळ्या यादीत जिची गोष्ट सर्वांत जास्त वेळा सांगितली गेली ती लँबोर्गिनी मिउरा. ट्रॅक्टरच्या धंद्यात पैसा कमावलेल्या फेरुच्यो लँबोर्गिनी यांनी १९६३मध्ये सांतआगाता गावात मोटारींचा कारखाना घातला. त्यांना शर्यतीत रस नव्हता. आरामशीर, वेगवान, लांब पल्ल्याच्या गाड्या हव्या होत्या. त्यांच्या पदरी असलेले दाल्लारा आणि पाओलो स्तांझानी हे दोघेही तेव्हा तिशीच्या आत. चाचणी चालक बॉब वॉलेस न्यूझीलंडचे. या तिघांना शर्यतीच्या गाडीसारखी मधल्या इंजिनाची गाडी करून बघायची होती. कामाच्या वेळेबाहेर त्यांनी आराखडा केला. कारखान्याची जाहिरात तरी होईल, या हिशेबाने फेरुच्योंनी परवानगी दिली.

अडचण लांबीची होती. बारा सिलिंडरचं इंजिन उभं बसवलं आणि त्याच्यामागे गिअरबॉक्स जोडला तर गाडी अवाढव्य होते. १९५९मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या मिनीने छोट्या इंजिनापुरता यावर तोडगा काढला होता: इंजिन आडवं ठेवायचं आणि गिअर त्याच्याच पोटात घालायचे. दाल्लारांनी तोच तोडगा जवळपास ४ लिटरच्या व्ही-१२ला लावला. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच ओतीव आवरणात आले. नोव्हेंबर १९६५च्या तुरीन प्रदर्शनात लँबोर्गिनीने नुसती चासी मांडली, वर बॉडी नाहीच. पातळ पत्र्याची चौकट, वजन कमी करायला तिला जागोजागी पाडलेली भोकं आणि मधे ते आडवं इंजिन. बॉडी बांधायचं काम बेर्तोनेने मिळवलं. जुजारो गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर मार्चेल्लो गांदिनी आले होते, वय सत्तावीस. जुजारो आणि गांदिनी दोघेही १९३८च्या ऑगस्टमधले. इटालियन मोटारींचा पुढचा बराच चेहरामोहरा या दोघांनी आपसात वाटून घेतला.

मार्च १९६६मध्ये जिनिव्हाला पूर्ण गाडी आली. तिचं इंजिनावरचं झाकण प्रदर्शनभर कुणाला उघडू दिलं नाही, कारण आत इंजिनाऐवजी नुसतं वजन भरलेलं होतं, असं सांगतात. नोंदणीसाठी मात्र रांग लागली. जाहिरातीपुरती काढलेली गाडी कारखान्याचा मुख्य माल होऊन बसली.

घाईत बाजारात आलेल्या गाडीचे भोग ग्राहकांच्या वाट्याला आले. इंजिन आणि गिअरबॉक्सला तेल एकच. गिअरच्या दात्यांचा कीस त्याच तेलातून इंजिनात जाणार. सुरुवातीच्या चासीचा पत्रा ०.९ मिलिमीटरचा, तो पुढे जाड करावा लागला. पेट्रोलची टाकी पुढे. ती रिकामी होत गेली की नाक हलकं व्हायचं आणि मोठ्या वेगात गाडीचा पुढचा भाग वर उचलला जायचा. सगळ्यात वाईट गोष्ट कार्बोरेटरची. वेबर कंपनीचे हे कार्बोरेटर मुळात शर्यतीसाठीचे. गाडी सिग्नलला नुसती चालू ठेवून उभी राहिली की वरच्या भागात पेट्रोल साचायचं, आणि पुढच्या झटक्याला ठिणगी मिळाली तर भडका उडायचा. जळालेल्या मिउरांची संख्या त्यामुळे लहान नाही. गाडीची सुधारणा टप्प्याटप्प्याने झाली. आधी ३५० अश्वशक्तीची पी४००, मग ३७०ची एस, शेवटी ३८५ची एसव्ही. इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं झालं ते एसव्हीच्या उत्तरार्धात, म्हणजे गाडी बंद व्हायच्या बेताला. १९७३पर्यंत सुमारे ७६० मिउरा बनल्या.

इथे ‘दुर्मीळ’ हा शब्द जपूनच वापरायला हवा. १९६६च्या मापाने ७६० हे घवघवीत यश होतं. आपल्या यादीतली ही एकमेव गाडी, जी अपेक्षेपेक्षा जास्त बनली. मिउराचं महत्त्वही तिच्या वेगापेक्षा इथेच आहे. मधल्या इंजिनाची महागडी गाडी शर्यतीशी काडीचा संबंध नसलेला माणूसही विकत घेतो, हे तिने सिद्ध केलं.

अठरा चासींची गोष्ट

एटीएस बुडाल्यावर किती आणि स्काल्योने पुन्हा एकत्र आले ते अल्फा रोमिओ ३३ स्ट्रादालेसाठी. १९६७मध्ये मोंझाच्या इटालियन ग्राँप्रीच्या तोंडावर तिचं दर्शन झालं. शर्यतीच्या टिपो ३३ला रस्त्याचे कपडे चढवलेले, एवढाच तिचा आराखडा: पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १० सेंटिमीटरने वाढवलेलं, आणि मागे दोन लिटरचं व्ही-८, जे मिनिटाला ८,८०० फेऱ्यांना सुमारे २३० अश्वशक्ती द्यायचं. वजन ७०० किलोंच्या आसपास. उंची ९९ सेंटिमीटर, म्हणजे साधारण उंचीच्या माणसाच्या कमरेला लागेल इतकीच. एवढ्या बुटक्या गाडीत शिरायचं कसं? स्काल्योनेंनी दारं पुढच्या बाजूला बिजागरी देऊन वर उघडणारी केली आणि त्यांची काच वळवून थेट छपरात नेली. आत बसलेल्याला डोक्यावर आकाश दिसतं. मिउराच्या बांध्यात ताण आहे. स्ट्रादालेत एखादी सरळ रेघही शोधून काढावी लागते.

किंमत होती १ कोटी लिरांच्या घरात. तेवढ्या पैशांत बारा सिलिंडरची, आरामशीर, दुप्पट मोठ्या इंजिनाची गाडी मिळत असताना दोन लिटरची, शर्यतीच्या स्वभावाची, रोज लाड मागणारी गाडी कोण घेणार? अठरा चासींवर काम थांबलं, आणि त्यांतल्याही काहींना गिऱ्हाईक न मिळाल्याने त्या बॉडी बांधणाऱ्या स्टुडिओंकडे प्रयोगासाठी गेल्या.

अपयशाचा खरा लाभ इथे झाला. त्या चासींपैकी एकीवर गांदिनींनी १९६८मध्ये काराबो घडवली. नाकापासून छपरापर्यंत एकच सरळ उतरण, पाचरीसारखा आकार आणि कात्रीसारखी वर जाणारी दारं. तीच दारं आणि तोच आकार १९७१च्या लँबोर्गिनी काऊंटाशच्या नमुन्यात आला, आणि पुढची दोन दशकं जगभरच्या मुलांच्या खोलीतल्या भिंतींवर राहिला. ३३ स्ट्रादाले जोरात खपली असती तर मोकळ्या चासी उरल्या नसत्या. स्काल्योने स्वतः मात्र पुढे या व्यवसायातून बाजूला पडले. १९९३मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या या गाडीला आजचा मान मिळालेला नव्हता.

नियमानेच जन्माला घातलेल्या दोन गाड्या

शर्यतीचा नियम नेहमी आडवाच येतो असं नाही. १९६७पासून फॉर्म्युला टूमध्ये इंजिन वर्षाला किमान ५०० बनणाऱ्या रस्त्यावरच्या गाडीतून आलेलं असावं, असं ठरलं. फेरारीकडे व्ही-६ इंजिन तयार होतं. एन्झोंचे चिरंजीव अल्फ्रेदो ऊर्फ दिनो हे १९५६मध्ये ऐन तारुण्यात वारले. त्यांच्या नावाने हे इंजिन ओळखलं जाई. पण वर्षाला ५०० गाड्या बनवायचा आवाका फेरारीकडे नव्हता. फियाटकडे होता. म्हणून तेच इंजिन फियाटच्या गाडीत पुढे बसलं आणि फेरारीच्या गाडीत मधे. ती गाडी म्हणजे दिनो २०६ जीटी.

तरीही एन्झो बिचकत होते. मधल्या इंजिनाची गाडी हौशी ग्राहकाला झेपणार नाही, ही त्यांची जुनी भीती. गाडीचं रूप रेखणाऱ्या पिनिनफारिनांनी मन वळवलं, तडजोड अशी झाली की इंजिन छोटं असावं आणि गाडीवर फेरारीचं नाव नसावं. ॲल्युमिनियमच्या बॉडीच्या २०६ सुमारे दीडशे बनल्या. १९६९मध्ये फियाटने फेरारीत ५० टक्के वाटा घेतला, इंजिन २.४ लिटरचं झालं आणि २४६ या रूपात गाडी साडेतीन हजारांच्या वर गेली. भीती निराधार ठरली. १९७३मध्ये फेरारीने स्वतःच्या नावाची बारा सिलिंडरची मिड-इंजिन गाडी रस्त्यावर आणली, तेव्हा मिउराला सात वर्षं होऊन गेली होती.

दिनोचं हेच इंजिन लान्चा स्ट्रातोसमध्ये गेलं. रॅलीसाठी वाहिलेली गाडी हवी, असं लान्चाचे संघप्रमुख चेझारे फियोरियो यांचं म्हणणं. १९७०मध्ये बेर्तोनेने ८४ सेंटिमीटर उंचीची स्ट्रातोस झिरो दाखवली होती. नुच्यो बेर्तोने ती चालवत लान्चाच्या कारखान्यात गेले आणि फाटकावरचा आडवा दांडा न उचलताच त्याखालून आत शिरले, असा किस्सा आहे. त्यातून प्रत्यक्ष स्ट्रातोस निघाली ती मात्र पूर्ण कामाची गाडी होती. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर फक्त २ मीटर १८ सेंटिमीटर. इतकं आखूड, की ती सरळ रस्त्यावरही वळण शोधत असते. पुढची काच हेल्मेटच्या काचेसारखी दोन्ही बाजूंना वळलेली, म्हणजे घाटातल्या आंधळ्या वळणावर चालकाला खांबाचा अडसर नको. दारांच्या आत खोल कप्पे, त्यात अख्खं हेल्मेट मावतं. १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षं रॅलीचं जागतिक अजिंक्यपद लान्चाकडे राहिलं. सांद्रो मुनारी यांनी १९७५, १९७६ आणि १९७७ची मोंते कार्लो रॅली जिंकली.

स्ट्रातोस बनल्या ४९२. शर्यतीच्या परवान्यापुरत्या गाड्या काढायच्या, बाकीचं बघून घेऊ, असा तो आकडा. आणि बाकीचं काही झालं नाही. रस्त्यावर वापरायला ती गैरसोयीची, त्यात १९७३चं तेलसंकट आलेलं. विक्रेत्यांकडे कोऱ्या गाड्या वर्षानुवर्षं पडून राहिल्या. लान्चाची मालक असलेल्या फियाटला शेवटी रॅलीत आपली साधी १३१ जिंकायला हवी होती, कारण दुकानात विकायची ती होती. स्ट्रातोसला बाजूला सारलं गेलं ते हरली म्हणून नव्हे.

तेल, कर्ज आणि आजचा बाजार

१९७३नंतर या सगळ्या कारखान्यांवर संक्रांत आली. जुजारोंनी रेखलेली बोरा ही मिड-इंजिन गाडी बनवणारी मासेराती सित्रोएनच्या मालकीची होती. सित्रोएनने १९७५मध्ये हात वर केले आणि ती टोमासोंकडे गेली. फेरुच्यो लँबोर्गिनी यांनी तर आधीच आपला वाटा विकायला काढला होता आणि कारखाना सत्तरच्या दशकाअखेर दिवाळखोरीत निघाला. मोजक्याच गाड्या बनण्याचं हे आणखी एक सरळ कारण: बनवायला पैसाच नव्हता.

आज या सगळ्या कारणांवर एकच लेबल लागतं, ‘दुर्मीळ’. बाजार त्यांच्यात भेद करत नाही. उलट कमी आकडा आता आधी ठरतो आणि गाडी मागाहून येते. अल्फा रोमिओने २०२३मध्ये नवी ३३ स्ट्रादाले जाहीर केली ती ३३ गाड्यांपुरतीच. २५० एलएम आणि दिनो ज्या पिनिनफारिनाच्या हातून उतरल्या, ती कंपनी २०१५मधल्या करारानंतर मुंबईच्या महिंद्र समूहाकडे आली. तिच्या नावाची बत्तिस्ता ही विजेवरची गाडीही १५०च्या वर बनवायची नाही, असं आधीच ठरलेलं. इंजिन नाही, शर्यतीचा नियम नाही, कर्जाचा फास नाही. उरली ती फक्त दुर्मिळता, मुद्दाम आखलेली. जुन्या गाड्यांच्या बाबतीत याचा दुसरा परिणाम नकलांचा. स्ट्रातोसच्या प्रतिकृती तर मूळ गाड्यांइतक्याच नजरेस पडतात, आणि म्हणून फेरारी, लँबोर्गिनी यांनी जुन्या गाडीचा अस्सलपणा तपासून दाखला देणारे विभागच काढले आहेत.

मग या पिढीचं यश मोजायचं कशाने? माझ्या मते एका अशा गाडीने, जिला कुणीच दुर्मीळ म्हणत नाही. मराठी वाचकाला फियाट म्हटलं की कुर्ल्याच्या कारखान्यातली, पुढे टॅक्सी झालेली पद्मिनी आठवते. त्याच फियाटने १९७२मध्ये एक्स १/९ काढली. गांदिनींचं चित्र, बेर्तोनेची बॉडी. फियाट १२८ या घरगुती गाडीचं १,३०० सीसीच्या आतबाहेरचं आडवं इंजिन गिअरबॉक्ससकट उचललं आणि चालकाच्या पाठीमागे बसवलं. दाल्लारांनी मिउरासाठी जी आडव्या इंजिनाची युक्ती लढवली, तीच इथे पगारदार माणसाच्या आवाक्यात आली. भडका नाही, नाक उचललं जात नाही, पुढे आणि मागे दोन्हीकडे सामानाला थोडी थोडी जागा. १९८९पर्यंत ती बनत राहिली आणि आकडा दीड लाखाच्या आसपास गेला. जोडीला पँतेरा आणि दिनो २४६ ठेवून बघा: जिथे चासी नीट आखली, किंमत झेपणारी ठेवली आणि मागे मोठा कारखाना उभा राहिला, तिथे मधल्या इंजिनाची गाडी खपली. बाकीच्या गाड्या लिलावात कितीही चढोत. त्यांच्या कमी आकड्यांना गुण मानण्याचं कारण नाही. ३२, १८, ४०१ या आकड्यांमागे असलेल्या चुका ज्यांनी वाचल्या, त्यांनीच पुढची गाडी बरी बनवली.